अनुकंपेची नोकरी आणि दुसरी पत्नी

शिक्षकाकडे लोक मुलांच्या अभ्यासाची चौकशी करण्यापेक्षा अर्ज लिहून घेण्यासाठीच अधिक येतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थ्याची आई अशीच आली. तिचे यजमान केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून होते. ते अकस्मात वारले. पदरी दोन मुले. "सर, त्यांच्या जागी मला घ्यावं, असा अर्ज लिहून द्या," ती म्हणाली. शिधापत्रिका आणि नामनिर्देशनाचा कागद, दोन्हींवर तिचेच नाव होते. मग खाली मान घालून तिने सांगितले, की त्यांची पहिली पत्नी गावी हयात आहे, आणि ही गोष्ट आपल्याला लग्नानंतर तीन वर्षांनी कळली.

एवढ्या एका वाक्याने तिचा अर्ज संपला. 'दुसरी पत्नी' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पहिली वारल्यावर किंवा रीतसर घटस्फोट झाल्यावर जिच्याशी विवाह झाला, ती कायद्याने पूर्ण पत्नीच होय. परंतु पहिली हयात व विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मुळातच निरर्थक ठरतो. मग सप्तपदी झालेली असो की गावजेवण. १९६४ च्या वर्तणूक नियमांनीही केंद्रीय नोकराला असा विवाह करण्यास मनाई आहे. नियम मोडला त्या गृहस्थाने, आणि झडती द्यावी लागली या बाईला!

नामनिर्देशनाच्या कागदाने फार तर एखादी रक्कम स्वीकारण्याचा अधिकार येतो, पत्नीपण येत नाही. शिवाय अनुकंपेची नेमणूक हा वारसाहक्क नव्हेच. कमावता माणूस गेल्याने कुटुंबावर ओढवलेल्या संकटापुरता तो नेहमीच्या भरतीला केलेला अपवाद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केले. केंद्रात 'क' गटाच्या थेट भरतीतील अवघ्या पाच टक्के जागा त्यासाठी असतात. फसवल्या गेलेल्या दुसऱ्या पत्नीला पोटगी मिळावी, असा निर्णय २०१३ साली त्याच न्यायालयाने दिला खरा. पण पोटगी जिवंत माणसाकडे मागायची असते. मला हा कायदा कठोर वाटतो. तरीही गावी एकटी राहिलेल्या त्या पहिल्या बाईचा हक्क आपण कोणत्या तोंडाने नाकारावा?

मुलांची गोष्ट मात्र निराळी. त्याच विवाह कायद्याचे सोळावे कलम अशा संततीला औरस मानते. २००० साली बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसरीला कुटुंब निवृत्तिवेतन नाकारले, मुलांचा वाटा मात्र मान्य केला. निवृत्तिवेतनाचे वाटे पडतात, खुर्चीचे पडत नाहीत. म्हणून नोकरीचा वाद अधिक चिघळला. रेल्वेने १९९२ च्या परिपत्रकाने दुसऱ्या पत्नीबरोबर तिच्या मुलांनाही दार बंद केले होते. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशा मुलाला केवळ त्याच्या जन्माच्या कारणावरून अपात्र ठरवता येणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेच पुन्हा सांगितले. नोकरी मिळेलच असा त्याचा अर्थ नाही. इतर वारसांबरोबर त्याच्याही अर्जाचा विचार झाला पाहिजे, एवढाच अर्थ आहे.

थोरल्याला अठरा पूर्ण झाली होती. मी अर्ज त्याच्या नावाने लिहिला. पहिली पत्नी हयात असल्याचेही त्यात नमूद केले, कारण लपवलेली गोष्ट चौकशीत उघडी पडतेच. बाईंना ते रुचले नाही. "मग माझं नाव कुठंच यायचं नाही का, सर?" मी 'आईचे नाव' ही ओळ दाखवली. ती त्यांनी स्वतःच्या हाताने भरली.