वारस ठरले, वाटणी राहिली

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या जुन्या घराचे कागद पाहिले, तर त्यांवर पुष्कळदा आजोबांचेच नाव आढळते. दरम्यान पाच वारसांचे पंचवीस झालेले असतात आणि गळके छप्पर कोणी शाकारावयाचे, हे मात्र ठरलेले नसते. भांडण नाही म्हणून वाटणीही नाही. अनर्थाचा आरंभ येथेच होतो.

सीमेपलीकडे सावंतवाडीस हिंदू कुटुंबाला १९५६ चा वारसा कायदा लागू आहे. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. तिच्यातील वारसाविषयक भागाची जागा २०१२ च्या गोवा कायद्याने २०१६ पासून घेतली. येथे मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा. विवाहसमयी वेगळा करार नसेल, तर पतीच्या पश्चात निम्मी सामाईक मालमत्ता पत्नीची असते. तो वारसा नव्हे, तिचा मूळचाच हक्क होय. उरलेल्या निम्म्यातील अर्धाच भाग मृत्युपत्राने मनाजोगता देता येतो.

विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त झाला की काम संपले, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः त्या दस्ताने वारस कोण एवढेच ठरते. कोणाला काय, हे ठरत नाही. त्यासाठी सर्वांच्या संमतीने वाटणीचा दस्त करावा लागतो, अथवा दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी. तेथे एक जण शपथेवर वारसांची, मालमत्तेची व कर्जाची यादी देतो. एकमत न झाल्यास वारसांतच बोली लागते. ज्याची बोली मोठी, त्याला ती वस्तू मिळते आणि वाट्याहून अधिक आलेल्याची भरपाई तो इतरांना रोख देतो.

ही रीत न्याय्य खरी. परंतु बोली पैशाची भाषा बोलते. घरात राहून आईची सेवा केलेला धाकटा भाऊ परगावच्या मिळवत्या भावापुढे टिकेलच असे नाही. मोपा विमानतळाचे २०२२ मध्ये उद्घाटन झाले. आसपासच्या जमिनीचे भाव चढले आणि धाकट्याची अडचणही वाढली. उलटपक्षी, सासरी गेलेल्या बहिणीकडून हक्कसोडीवर सही घेताना तिच्या वाट्याची किंमत तिला सांगितली जातेच असेही नाही.

म्हणून आई हयात आहे, भावंडे एका पंक्तीला जेवत आहेत, तोवरच वाटणी उरकावी. प्रेम आटल्यावर न्यायालय हिस्से देऊ शकते; घरपण देऊ शकत नाही.