गोळ्याच्या पाठीमागची आग



कच्च्या रस्त्याने एसटी गेली की धूळ सगळी मागच्या काचेवर येऊन बसते. गाडीच्या पाठीशी हवेचा दाब उतरतो, आणि ती पोकळी धुळीला ओढून घेते. गाडीलाही मागे खेचते, पण एसटीच्या वेगाला ते कुठलं जाणवायला! तोफगोळ्याला जाणवतं. माख 3, म्हणजे सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने सुटलेल्या गोळ्याला हवेचा जो रोध होतो, त्याचा मोठा वाटा या बुडामागच्या पोकळीचा.

मग तिथेच आग लावली तर? गोळ्याच्या बुडाशी थोडं मिश्रण जळत ठेवायचं, पोकळी गरम वायूने भरायची, हे ‘बेस ब्लीड’ तंत्र. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने आखलेली 155 मिलिमीटरची ‘अटॅग्ज’ तोफ असेच गोळे 48 किलोमीटरपर्यंत टाकते. बाह्य दहन याच्या पुढचं धाडस. इंधन जाळायचं ते बाहेर, कडेने सुसाटणाऱ्या हवेत. ध्वनीहून वेगवान प्रवाहाला उष्णता दिली की तो मंदावतो आणि त्याचा दाब चढतो. तो दाब बुडावर आला की खेचणारी पोकळीच रेटू लागते. इंजिन नाहीच!

1957 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या लुईस प्रयोगशाळेने माख 2.46 च्या वातबोगद्यात सपाट पट्टीलगत अ‍ॅल्युमिनियम बोरोहायड्राइड जाळलं. हवा लागताच आपणहून पेटणारं हे इंधन. पट्टीवरचा दाब वाढला. पुढे जॉर्जिया टेक विद्यापीठात माख 3 ला हायड्रोजन जाळून पाहिला गेला.

पण बोगदा फसवतो. एरवी त्यात गोळ्याची प्रतिकृती मागून दांड्यावर धरतात. इथे मागे तर ज्वाला. म्हणून नळी पुढून आणायची, तिच्यातूनच इंधन सोडायचं. मग त्या नळीला चिकटून आलेली मंद हवा प्रतिकृतीला वेढते, जी खऱ्या गोळ्याभोवती नसते. शिवाय खोलीच्या तापमानाची हवा माख 3 ला नेली की उणे 165 अंशांपर्यंत गारठते. त्या गारठ्यात आग धरवणं खऱ्या उड्डाणाहून अवघड. आणि भिंती! मोकळ्या आकाशात आगीने फुगलेली हवा बाजूला सरते, बोगद्यात तिला जागा नाही. धक्कातरंग, म्हणजे दाबाच्या तीव्र लाटा, भिंतीवर आपटून पुन्हा बुडामागे येतात, दाबमापकाचा काटा चढतो, आणि तो आगीने चढवला की भिंतीने, हे काटा सांगत नाही. उष्णता फारच झाली तर प्रवाह गुदमरतो, ध्वनीच्या वेगाखाली येतो, आणि त्या दिवसाचा प्रयोग तिथेच आटोपतो.