चार वर्षांनी येणारा निआंगतासेर

आज मी तुम्हाला मेघालयात घेऊन जाणार आहे. गुवाहाटीहून शिलाँगला जाताना वाटेत नोंगपोह लागतं. हे री-भोई जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. इथल्या सैदेन गावाजवळच्या जंगलात एक सिकाडा राहतो. गावकरी त्याला निआंगतासेर म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव क्रेमिस्टिका रिभोई. 2013 साली दिलेलं हे नाव जिल्ह्यावरूनच आलं.

सिकाडा म्हणजे रातकिडा नव्हे. रातकिडा पंखावर पंख घासतो. सिकाडाच्या नराला पोटाच्या दोन्ही बाजूंना ताठ पडदे असतात. ते भराभर आत-बाहेर झाले की आवाज निघतो आणि पोकळ पोट तो मोठा करतं. मादी मात्र अशी गात नाही.

खरी गंमत पुढे आहे. हा सिकाडा 2010, 2014, 2018, 2022 असा दर चार वर्षांनी वर येतो. हीच फुटबॉल विश्वचषकाची वर्षं, म्हणून त्याला 'वर्ल्ड कप सिकाडा' म्हणतात! मधली वर्षं पिल्लं जमिनीखाली मुळांचा रस शोषत वाढतात. मग उन्हाळ्यात अंधार पडला की झुंडीनं वर येतात आणि कात टाकतात.

सगळे एकदम का येतात? थोडे थोडे आले तर पक्षी सगळ्यांना टिपतील. हजारोंनी आले की खाणाऱ्यांची पोटं भरतात, तरी अंडी घालायला पुष्कळ उरतात. फिजीत 8 वर्षांनी, अमेरिकेत 13 आणि 17 वर्षांनी येणारे सिकाडा आहेत.

खाणाऱ्यांत माणसंही आली. गावकरी रात्री उजेड घेऊन जंगलात जातात, कात टाकलेले मऊ सिकाडे गोळा करतात. ते खातात, मासे धरायला आमिष म्हणूनही वापरतात. यावर नाक मुरडू नका. आपणही पावसाळ्यात खेकडे धरतोच की!

मला काळजी वाटते ती जमिनीची. मधल्या तीन वर्षांत तिथे काहीच दिसत नाही. रिकामी जागा समजून कुणी झाडं तोडली, तर मुळांबरोबर खालची पिढीही संपते आणि ते कळतं थेट चौथ्या वर्षी, जंगल गप्प राहिल्यावर. म्हणून माझं म्हणणं एवढंच: गोळा करताना अंडी घालण्यापुरते सिकाडे मागे ठेवावेत आणि ते येत नाहीत त्या वर्षीही जंगल राखावं. कारण तेव्हाही ते तिथेच असतात, आपल्या पायाखाली.