राबत्याच्या जागा : बाग, तळे आणि रानवाट

(संस्थेच्या राधानगरी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. दिवसभर बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांची पासबुके भरून देणारा एक कारकून आहे. पदरी बी. ए. ची पदवी आहे आणि वाचनाची थोडी आवड आहे, एवढेच. कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "फिरायला जाणे या विषयावर बोलतो." काही जण हसले. शिक्षण, नोकरी, आरक्षण, व्यसनमुक्ती असे गंभीर विषय सोडून फिरायला जाण्यावर काय बोलायचे, असे त्यांना वाटले असावे. पण हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम माझीच कबुली देतो. माझा जन्म याच तालुक्यातला. नोकरी लागल्यावर एल. टी. सी. घेऊन मी उटी पाहिली, म्हैसूर पाहिले. पण वयाच्या चाळिशीपर्यंत मी दाजीपूरचे जंगल पाहिले नव्हते. लांबलांबून लोक गाड्या करून जे पाहायला येतात, ते माझ्या घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर होते आणि मी तिकडे फिरकलो नव्हतो. मग डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले आणि रोज चालायची ताकीद दिली. तेव्हापासून मी फेजिवड्याकडे धरणाच्या रस्त्याने चालू लागलो. चालता चालता एकच प्रश्न मनात येऊ लागला, की आपण इतकी वर्षे इकडे का आलो नाही?

या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या आईने दिले. एका रविवारी मी तिला म्हणालो, "आई, चल, रानात हिंडून येऊ." ती म्हणाली, "रानात हिंडायला कुणी जातंय होय रं? रानात सरपणाला जायचं." तिने उभा जन्म डोक्यावर मोळी घेऊन रान पाहिले. विहीर तिला ठाऊक होती ती लांब उभे राहून कुणी वाढेल तेवढे पाणी घेण्याची जागा म्हणून. मी लहान असताना तिचे एकच सांगणे असे, "पाण्याजवळ जायचं न्हाई." तिच्या सांगण्यात दोन भीती होत्या. एक बुडण्याची आणि दुसरी कुणी हटकेल याची. त्यामुळे मी पोहायला शिकलो नाही. कॉलेजच्या सहलीत सगळी पोरे पाण्यात उतरली आणि मी काठावर त्यांचे कपडे राखत बसलो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मित्रहो, ही भीती माझ्या आईच्या स्वभावातली नव्हती. ती शिकवली गेली होती. थोडा इतिहास पाहू.

मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. पण कागदावर खुले झालेल्या त्या तळ्याकडे कुणी जाऊ शकत नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. पुढे प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे गेली.

चवदार तळ्याची हकीकत आपल्या मुलांनाही पाठ आहे. दुसरी एक हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ती खास आजच्या विषयाची आहे. १९३४ साली बाबासाहेबांचे सहकारी म्हणाले, आपण कुठे तरी सहलीला जाऊ. वेरूळची लेणी पाहायचे ठरले. सुमारे तीस माणसे निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला उतरली. प्रवासाने सगळे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेले लहानसे टाके होते. त्यातल्या पाण्याने काहींनी तोंड-पाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ ओरडत आला, की यांनी टाके बाटवले. पाहता पाहता जमाव जमला. अखेर किल्ला पाहायला परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि अट पाळली जाते की नाही हे पाहायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला.

जरा विचार करा. बॅरिस्टर झालेला, गोलमेज परिषदेत बोललेला माणूस चार मित्रांबरोबर सहलीला जातो आणि शिपायाच्या पहाऱ्यात किल्ला पाहतो! ते मोर्चा घेऊन गेले नव्हते, सत्याग्रहाला गेले नव्हते. नुसते फिरायला गेले होते. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा.

म्हणूनच संविधानाच्या कलम १५ मध्ये नुसती शाळा आणि नोकरी नाही. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. आणि शेवटी मराठी प्रतीत एक सुंदर शब्द आला आहे, 'राबत्याच्या जागा'. राबता म्हणजे येणेजाणे. मी जेव्हा जेव्हा हा शब्द वाचतो तेव्हा मला वाटते, की कायदा आपल्याला जागा खुली करून देतो, पण तिथे राबता मात्र आपणच ठेवायचा असतो. चवदार तळ्याने हेच शिकवले. नगरपालिकेचा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता, तो पावलांनी खरा केला.

इथे परदेशातले एक उदाहरण देतो. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील जॅक्सन या शहरात गोऱ्यांची आणि काळ्यांची पोहण्याची तळी वेगळी होती. कोर्टाने हा भेद बेकायदा ठरवला. तेव्हा शहराने १९६३ साली काय केले, तर सर्वांना एकत्र पोहू देण्याऐवजी सार्वजनिक तळी चालवणेच सोडून दिले. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते चालवून घेतले. ज्या आईबापांना पोहायला जागा मिळाली नाही, त्यांनी मुलांना पाण्यापासून दूर ठेवले. आजही त्या देशात गोऱ्या मुलांपेक्षा काळी मुले जास्त प्रमाणात बुडतात. हे वाचले तेव्हा मला काठावर कपडे राखत बसलेला मी आठवलो. बंदी उठते, पण बंदीने लावलेली सवय पुढच्या दोन पिढ्या उरते. ती आपणच मोडावी लागते.

आता आपल्या राधानगरीकडे येऊ. आपण किती श्रीमंत आहोत, याचा आपल्याला पत्ता नाही. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर धरणाचे काम हाती घेतले आणि स्वातंत्र्यानंतर ते पुरे झाले. साठा ८.३६ टी. एम. सी. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की ते आपोआप उघडतात आणि पाणी उतरले की मिटतात. एकेका दरवाजातून सुमारे १४०० क्युसेक पाणी पडते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी याहून चांगली प्रयोगशाळा कुठे शोधायची? ज्या राजाने १९१९ साली हुकूम काढून सरकारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले, त्यानेच हे पाणी अडवले. त्या पाण्याच्या काठी आपण परक्यासारखे का वागावे?

पुढे दाजीपूर. हे जंगल संस्थानी काळात राजघराण्याच्या शिकारीचे राखीव रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य म्हणून ओळखले गेले. १९८५ साली त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झाले. क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ठिकाणांना जागतिक वारसा म्हटले, त्यांत आपले हे रान आहे. गवा आहे, शेकरू आहे, अस्वल आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, करवंदीच्या जाळ्या आहेत. एका शेकरूने माझ्या डोक्यावरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेतली, तेव्हा मी चाळिशीचा माणूस लहान पोरासारखा ओरडलो. रान एकेकाळी राजाचे होते. आज वनखात्याचा पास काढला की ते शेतमजुराच्या मुलालाही राजाइतकेच मोकळे आहे. हा बदल लहान नाही.

आपल्या परंपरेतही हे नवे नाही. सिद्धार्थाचा जन्म लुंबिनीच्या वनात झाला, बोधी नेरंजरेच्या काठी झाडाखाली लाभली, पहिले प्रवचन सारनाथच्या मृगवनात झाले. वेळुवन आणि जेतवन ही तर उद्यानेच होती. चंक्रमण, म्हणजे सावकाश येरझाऱ्या घालणे, हा भिक्खूंच्या दिनक्रमाचा भाग होता. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या आणि त्या माणसांसाठी व जनावरांसाठी केल्याचे शिलास्तंभावर कोरून ठेवले. सार्वजनिक बागेची कल्पना आपल्या घरातलीच आहे.

कुणी म्हणेल, आता अडवतो कोण? उघडपणे फारसे कुणी अडवत नाही, हे खरे. पण एकदा आम्ही सहकुटुंब बाहेरगावी मुक्कामाला गेलो. ठिकाणाचे नाव सांगत नाही. फोनवर खोली मिळाली होती. पोहोचल्यावर मालकाने विचारले, "पाव्हणं, आडनाव काय म्हणाला?" मी सांगितले. मग खोली नव्हती. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने गाडीत विचारले, "पप्पा, खोली तर होती ना?" मी त्या दिवशी गप्प बसलो. आज मला वाटते, गप्प बसायला नको होते. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ पासून आहे. अशा वागण्याला त्यात शिक्षा आहे. त्या कायद्याचे नाव मला बँकेच्या परीक्षेसाठी पाठ होते, पण तोंडावर आले नाही. विद्यार्थ्यांनो, तुमच्या तोंडावर ते यायला हवे.

माझ्या मुलीने मात्र त्याचे उट्टे वेगळ्या रीतीने काढले. पुढच्या मे महिन्यात ती कोल्हापूरला मामाकडे राहिली आणि पोहायला शिकली. आईचा जीव टांगणीला लागला होता. महिन्याने आम्ही तिला पाहायला गेलो. पोरगी या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत गेली. आईने पदराने डोळे पुसले आणि एवढेच म्हणाली, "बरं झालं. आता ह्यांची भ्या नको." आमच्या घरात पाण्यात उतरणारी ती पहिली.

आता कामाचे बोलतो. माझी संस्थेला एक सूचना आहे. दुसऱ्या शनिवारी आम्हा बँकवाल्यांना सुट्टी असते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संस्थेने एक पायी फेरी काढावी. सुरुवात धरणाच्या रस्त्यापासून करू. पावसाळा सरला की दाजीपूरला एस. टी.ने जाऊ. वर्गणी ठेवू नये. ज्याने त्याने आपली भाकरी आणावी. बायकांना घरी ठेवून पुरुषांनी जायचे, असे करायचे नाही. म्हाताऱ्या माणसांना आवर्जून न्यावे. विद्यार्थ्यांनी वही आणावी आणि झाड, पाखरू, फुलपाखरू यांची नावे गावातल्या जाणत्या माणसांना विचारून लिहावीत. माझ्या आईला ज्या झाडांची नावे सरपणामुळे ठाऊक आहेत, ती मला पदवी घेऊनही ठाऊक नाहीत.

शिस्तही पाळायची आहे. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असते, तेव्हा आडवाटेने घुसायचे नाही. राऊतवाडीच्या धबधब्यावर पावसात झुंबड उडते. तिथे निसरड्या दगडावर उभे राहून फोटो काढण्याच्या नादात जीव घालवू नका. धरणाच्या पाण्यात उतरायचे नाही. पोहायला शिकायचे ते जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. गवा शांत दिसतो, पण जवळ जायचे नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या शिवारात गवे उतरतात, त्यांचा दम आपल्याला ठाऊक आहे. दारूची बाटली आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन जाणाऱ्याने आमच्याबरोबर येऊ नये. जी जागा एवढ्या कष्टाने खुली झाली, ती आपण घाण करणार असू तर त्याला काही अर्थ नाही.

आणि मागायचेही आहे. आपापल्या गावच्या ग्रामसभेत विचारा : मुलांना खेळायला मैदान कुठे आहे? बायकांना बसायला सावलीचे बाकडे कुठे आहे? फिरायला येणाऱ्या बाईसाठी स्वच्छतागृह आहे का? आपल्या वस्तीत समाजमंदिर झाले, पुतळा झाला. आता त्याच्या भोवती चार झाडे आणि एक बाकडे मागायला काय हरकत आहे?

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. गेल्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. मी आईला घेऊन सुरक्षित अंतरावरून पाणी दिसते अशा जागी गेलो. बरोबर मुलगी होती. आई सत्तरीची. तिने धरण आयुष्यभर येता-जाता पाहिले होते, पण मुद्दाम पाहायला म्हणून कधी आली नव्हती. बराच वेळ ती उभी होती. आजूबाजूला सगळ्या गावांची, सगळ्या जातींची माणसे उभी होती. कुणी कुणाला आडनाव विचारत नव्हते. पाण्याचे तुषार अंगावर येत होते. मी म्हणालो, "आई, चला आता, भिजशील." ती म्हणाली, "थांब की रं. जरा बघू दे."

मित्रहो, तिला बघायला सत्तर वर्षे लागली. आपल्या मुलांना तेवढी लागू नयेत. येत्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेसहाला मी बसस्थानकासमोर उभा असेन. जे येतील त्यांनी यावे.



जयभीम! नमो बुद्धाय!