फोन कमरेला, कुलूप संगणकाला

आज जे सांगणार आहोत त्याची आम्हाला थोडी लाज वाटते. पण चूक आमच्या ग्रामसंघाची होती, तेव्हा ती सांगायलाही आम्हीच पाहिजे.

आमच्या कार्यालयात एक संगणक आहे. सगळ्या गटांचा हिशेब त्यात. बचत किती, कर्ज कुणी घेतलं, हप्ता कुणाचा थकला, सगळं. पासवर्ड सगळ्यांना मिळून एकच, आणि तोही भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला! एका दुपारी नळाला पाणी आलं म्हणून लिपिकाताई घरी पळाल्या आणि संगणक तसाच उघडा राहिला. गावातला एक मुलगा प्रिंट काढायला आला होता. त्याने पैसे हलवले नाहीत, काही पुसलं नाही. फक्त थकबाकीचा तक्ता वाचला. संध्याकाळी गल्लीत एका बाईच्या हप्त्याची चर्चा. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढलं होतं तिने. पुढच्या तीन बैठकांना ती आली नाही. आम्ही घरी गेलो तर एवढंच म्हणाली, "वही होती तेव्हा ती कपाटात तरी असायची."

खरंच होतं तिचं. वही कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली अध्यक्षांच्या कमरेला. संगणक आला तेव्हा आम्ही कपाट उघडंच टाकलं होतं की.

मग आम्ही विचारपूस सुरू केली. पुण्याला नोकरी करणारी एका सभासदाची लेक सुट्टीला आली होती. तिच्या मनगटावर ॲपलचं घड्याळ. ती संगणकासमोर बसते आणि पासवर्ड न टाकता तो उघडतो. ही सोय त्या कंपनीने २०१६ साली आणली. आम्ही म्हटलं, घड्याळ चोरलं तर? ती म्हणाली, मनगटावरून काढलं की ते स्वतःच बंद होतं, पुन्हा आकडे टाकल्याशिवाय चालत नाही. संगणक बंद करून पुन्हा लावला तर पहिल्यांदा पासवर्ड टाकावाच लागतो. आणि घड्याळ किती लांब आहे तेही तो संगणक मोजतो, कारण लांबच्या किल्लीची खूण मधल्या मध्ये उचलून जवळ आणायची आणि कुलूप फसवायचं, अशा युक्तीने गाड्या चोरीला गेलेल्या आहेत.

असं घड्याळ आम्हाला परवडणारं नाही, आणि ते चालतंही त्याच कंपनीच्या संगणकावर. पण आमच्या विंडोजच्या संगणकातही अर्धी सोय निघाली. फोन संगणकाला ब्लूटूथने जोडायचा. मग सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स असं जायचं आणि डायनॅमिक लॉकच्या चौकोनात खूण करायची. फोन घेऊन आपण लांब गेलो की संगणकाला कुलूप लागतं. अर्धी सोय अशासाठी म्हटलं, की इथे फोन फक्त कुलूप लावतो, उघडत नाही. उघडायला पिन किंवा बोटाचा ठसा लागतो. आम्हाला हेच बरं वाटलं. आमचं नुकसान कुलूप उघडत नव्हतं म्हणून थोडंच झालं होतं? ते लावलं नव्हतं म्हणून झालं.

पिन म्हणजे चार आकडेच ना, असं आमच्यातल्या एकीला वाटलं. पण हा पिन त्याच एका संगणकावर चालतो. कुणी तो पाहिला तरी दुसऱ्या संगणकावर बसून त्याला काही करता येत नाही. पासवर्डाचं तसं नसतं. म्हणून पिन हलक्यात घेऊ नका. फक्त गावातल्या सगळ्यांना पाठ असलेली तुमची लग्नाची तारीख ठेवू नका!

लिपिकाताईंनी फोन कमरेच्या पिशवीत ठेवला आणि आम्ही करून पाहिलं. त्या दारापर्यंत गेल्या, काही झालं नाही. अंगण ओलांडून रस्त्याला लागल्या, तरी लगेच नाही. ब्लूटूथची खूण तुटल्यावर मिनिटभर जातं, तेव्हा कुलूप लागतं. थकबाकीचा तक्ता वाचायला मिनिट पुरतं. म्हणून उठताना विंडोजचं बटण आणि एल ही दोन बटणं एकदम दाबायची, कुलूप त्याच क्षणी लागतं. ही सवय आधी लावा. फोनचं कुलूप आहे ते विसरलेल्या दिवसासाठी, पाणी आल्याच्या दिवसासाठी.

पहिल्या आठवड्यात आमची फजितीही झाली. लिपिकाताई जेवायला गेल्या, तासाभराने आल्या, संगणक उघडाच. पाहतो तर फोन टेबलावर चार्जिंगला! घरी लाइट नसते, म्हणून येताक्षणी फोन लावून ठेवायची सवय. फोन तिथे म्हणजे बाई तिथे, एवढंच संगणकाला कळतं. घड्याळ मनगटावरून काढलं तर त्याला समजतं, आपला फोन कुणाच्या कमरेला आहे हे फोनला समजत नाही.

यातूनच आमच्यात सगळ्यात मोठा वाद झाला. आपल्या घरात फोन एकटीचा असतो का? संध्याकाळी पोराच्या हातात, रात्री घरधन्याच्या. काही संगणकांत फोन जवळ आणला की कुलूप उघडतंही. क्रोमबुकमध्ये तशी सोय आहे. असा फोन घरभर फिरत असेल तर ग्रामसंघाची किल्लीच घरभर फिरते. म्हणून आम्ही ठरवलं, की फोनने उघडायची सोय कार्यालयात ठेवायचीच नाही. लावायची तेवढी ठेवायची. ज्या ताईंचा फोन जोडलाय त्यांच्या फोनलाही कुलूप पाहिजे, आणि त्याचा आकडा पोराला माहीत नको. यावर एका ताईंनी तोंड वाकडं केलं. त्यांचा मुलगा त्याच फोनवर अभ्यास करतो. शेवटी त्यांचा फोन जोडायचा नाही असं ठरलं, आणि त्या रागावल्या नाहीत.

आता अध्यक्ष, सचिव आणि लिपिका यांची संगणकावर वेगवेगळी खाती आहेत, ज्याचा त्याचा पिन. फोन हरवला तर त्याच दिवशी ग्रामसंघाला सांगायचं, म्हणजे संगणकाच्या ब्लूटूथच्या यादीतून तो काढता येतो. कॅलेंडरही बदललं. ती बाई गेल्या बैठकीला आली होती. हप्त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

तुमच्या कार्यालयात हे करून पाहायचं असेल तर येत्या बैठकीला या. फोन मात्र घरून चार्ज करून आणा. लिपिकाताईंच्या टेबलावरचा चार्जर आम्ही काढून ठेवलाय.