स्वस्त, ताकदवान आणि दीड लाख किलोमीटर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात 'गाडी' म्हटलं की आधी लोकलच डोळ्यांसमोर येते. 'कितीची गाडी पकडतोस?' असं विचारलं तर कुणी चारचाकीची किंमत सांगत नाही. फास्ट की स्लो आणि किती वाजताची, ते सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यालाच येऊन थांबली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले आणि ही गावं त्या रुळांच्या कडेनं वाढत गेली. त्यामुळे आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात चारचाकी ही बराच काळ चैनीची गोष्ट होती. आज तसं राहिलेलं नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या खालोखाल भांडण होतं ते पार्किंगवरून. आणि पंचविशी-तिशीतल्या मुलांना नुसती गाडी नको असते, दमदार गाडी हवी असते. नवी परवडत नाही, म्हणून नजर जाते जुन्या बाजाराकडे.

मी बरीच वर्षं वाहनविम्याचा सर्व्हेअर म्हणून ठाणे जिल्ह्यात काम केलं. अपघातात चेपलेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या पाहण्यात माझी उमेद गेली. त्यामुळे नात्यातलं कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की 'मामा, जरा बघायला येता का?' असा फोन ठरलेला. असाच एक फोन डोंबिवलीच्या माझ्या भाच्याचा आला. त्याला २०१३ सालची एक सेदान मिळत होती. टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशेच्या वर अश्वशक्ती, मीटरवर १,४८,००० किलोमीटर आणि किंमत सव्वादोन लाख. गाडीचं नाव मी सांगत नाही. कारण प्रश्न त्या कंपनीचा नाही, आपल्या निर्णयाचा आहे.

अशा गाड्यांचं वेड मूळचं अमेरिकेतलं. १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीनं आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि जीटीओ नावानं ती विकायला काढली. साधी गाडी, दांडगं इंजिन आणि तरुणांच्या आवाक्यातली किंमत, हे तिचं सूत्र. लोक तिला 'मसल कार' म्हणू लागले. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली. ती भारतात अधिकृतपणे विकायला यायला मात्र २०१६ साल उजाडावं लागलं. तोवर आपण आपल्या ऐपतीप्रमाणे आपले पैलवान शोधले होते. मारुती ८०० च्या ३७ अश्वशक्तीवर ज्यांचा हात बसला होता, त्यांना २००० साली आलेली होंडा सिटीची १०६ अश्वशक्तीची व्हीटेक म्हणजे वाघावर बसल्यासारखं वाटलं. पुढे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कारखान्यात जुळवलेली १५० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आली. कॉलेजातली पोरं रस्त्यात थांबून तिच्याकडे बघत. त्या पोरांच्या हातात आता पगार आहे आणि तशाच जातीच्या गाड्या दोन-तीन लाखांवर उतरल्या आहेत. हा मोह मला समजतो. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता शब्दांतली एक गंमत सांगतो. अमेरिकेत 'हाय मायलेज' गाडी म्हणजे खूप पळून झालेली गाडी. आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरला किती जाते ते, ज्याला आपण सरळ 'ॲव्हरेज' म्हणतो. भाच्याच्या गाडीला तिकडच्या अर्थानं मायलेज भरपूर होतं आणि आपल्या अर्थानं अगदीच कमी, म्हणजे लिटरला नऊ किलोमीटर.

मीटरवरचा मोठा आकडा पाहून घाबरू नये, हे मी त्याला आधीच सांगितलं. मीटर अंतर मोजतो, इंजिन किती तास चाललं ते मोजत नाही. या गाडीचा मालक दर आठवड्याला नाशिकला जात असे. महामार्गावर सरासरी ताशी ५० किलोमीटर धरले तर १,४८,००० किलोमीटरला जेमतेम तीन हजार तास होतात. शिळफाट्याच्या आणि घोडबंदरच्या कोंडीत ताशी २० च्या सरासरीनं फिरलेली दुसरी गाडी ७०,००० किलोमीटरमध्येच साडेतीन हजार तास चाललेली असते. शिवाय तिचा क्लच आणि ब्रेक जास्त झिजलेले. म्हणजे कमी आकड्याची गाडी ताजी असतेच असं नाही. वर तो आकडा खरा असेल याचीही खात्री नाही. डिजिटल मीटर मागे फिरवून देणारे कारागीर आहेत. म्हणून मीटरपेक्षा सर्व्हिसची जुनी बिलं वाचावीत. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ते आकडे चढत गेले पाहिजेत.

गाडी पाहायला आम्ही सकाळी सातला गेलो आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका असं मालकांना कळवलं होतं. गार इंजिन खोटं बोलत नाही. सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबेचना तर पाणी आत शिरत असण्याची शक्यता. मग गालिचा उचलून पाहिला, सीटखालचे रूळ पाहिले, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. हे आपल्या भागात करायलाच हवं. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा बदलापूर-कल्याणच्या सखल भागांत कितीतरी गाड्याही पाण्यात उभ्या होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण सीटबेल्टच्या गुंडाळीतला गाळ आणि सीटच्या रुळांवरचा गंज सहसा राहून जातो.

कागदपत्रंही तितकीच महत्त्वाची. कर्जाचा बोजा उतरला आहे का, ई-चलनं थकली आहेत का, नोंदणी ठाण्याची एमएच-०४ आहे, कल्याणची एमएच-०५ आहे की परराज्यातली, हे पाहावं. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. त्यांच्या किमतीत ना-हरकत दाखला आणि आपल्या राज्याचा कर मिळवल्यावरच त्या खरोखर स्वस्त आहेत का ते कळतं. गाडी विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. 'नावावर करू सावकाश' हा आपला आवडता घोळ. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. गाडी आधीच विकली होती हे सांगून सुटका नाही.

तर सांगायचं म्हणजे, भाच्याची ती गाडी या सगळ्या परीक्षांत पास झाली. मालक सज्जन. बिलांची फाइल तारखेनुसार लावलेली. सुरू होताच एकसारखा आवाज, धूर नाही. रिकाम्या रस्त्यावर भाच्यानं पाय दाबला तेव्हा पाठ सीटला टेकली आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरणार नाही. गाडी वाईट असती तर काम सोपं होतं. नको म्हटलं की संपलं. चांगल्या गाडीचा निर्णय अवघड असतो.

दुपारी आम्ही त्याच्या घरी वही घेऊन बसलो. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी ठाण्याला न्यावं लागतं. लोकलच्या गर्दीत ते शक्य नाही आणि रिक्षा-टॅक्सीवर घरातला पैसा पाण्यासारखा जात होता. गाडी घ्यायचं कारण हेच. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, महिन्याच्या बारा-तेरा फेऱ्या, वर थोडं इकडे-तिकडे, म्हणजे महिन्याला आठशे किलोमीटर. लिटरला नऊ या हिशोबानं ८९ लिटर पेट्रोल. सोळा देणाऱ्या साध्या गाडीला ५० लिटर. लिटरचे शंभरच रुपये धरले तरी महिन्याला जवळजवळ चार हजारांचा फरक. शिवाय त्या इंजिनाला टायमिंग बेल्ट होता. हा रबरी पट्टा ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं. टर्बोची चकती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, त्यामुळे ऑइलमध्ये कंजुषी चालत नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आलं आहे, जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्यामुळे बदलावे लागू शकतात. आणि २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होणार. मग नोंदणीचं नूतनीकरण आलं, ज्याची फी मोटारीसाठी २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली. वर तपासणी आणि पर्यावरण कर.

भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं धरूनही नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा स्वस्तच पडतं." त्याचं म्हणणं बरोबर होतं. पैशाच्या हिशोबात ती गाडी हरत नव्हती.

मी त्याला एकच विचारलं, "एखादा भाग गेला तर तो यायला किती दिवस लागतात?" त्यानं तिथूनच दोन गॅरेजवाल्यांना फोन लावले. दोघांचंही उत्तर एकच. साधे भाग दोन दिवसांत. टर्बो किंवा गिअरबॉक्सचं काही असलं तर दोन आठवडे, कधी जास्त. बहीण इतका वेळ गप्प बसून आमचं ऐकत होती. ती म्हणाली, "दोन आठवडे म्हणजे माझ्या सहा फेऱ्या रे."

त्यानंतर वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नाही. जुन्या ताकदवान गाडीचा खर्च आपण रुपयांत मोजतो. खरं तर तो दिवसांत मोजायला हवा. वर्षातून वीस दिवस ती गॅरेजात उभी राहिली तर आपलं काय अडतं? ज्याचं काही अडत नाही, त्याला ती गाडी स्वस्त आहे. ज्याचं अडतं, त्याला ती फुकट मिळाली तरी महाग.

भाच्यानं त्या आठवड्यात एक सहा वर्षं वापरलेली साधी हॅचबॅक घेतली. तिचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. तिच्यात बसून कुणाची पाठ सीटला टेकत नाही. बहीण मात्र वेळेवर पोचते. ती सेदान पुढे बदलापूरच्या एका तरुणानं घेतली. कामाला तो लोकलनं जातो, गाडी रविवारी काढतो. मला वाटतं, ती योग्य घरी गेली.

तेव्हा अशी गाडी घेऊच नका असं मी म्हणणार नाही. घरात रोजच्या गरजेसाठी दुसरी सोय असेल, गाडीच्या किमतीच्या निदान निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवता येत असेल, त्या बनावटीचं इंजिन उघडलेला मिस्त्री आधी शोधला असेल आणि सोसायटीत हक्काची जागा असेल, तर जरूर घ्या. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही. फक्त त्या हौसेवर घरातल्या दुसऱ्या कुणाची मंगळवारची सकाळ अवलंबून नाही ना, एवढं टोकन देण्याआधी घरी बसून विचारा. आणि ते विचारताना ज्याला त्या गाडीतून जायचं आहे, त्याला बोलू द्या.