परदेशप्रवास, भ्रमणध्वनी आणि घरची खुशाली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सियालदह येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने साहित्यावर, संस्कृतीवर, निदानपक्षी बंगाल आणि महाराष्ट्र यांच्या ऋणानुबंधांवर बोलावे, असा प्रघात आहे. मी मात्र आज एक अगदी प्रापंचिक विषय घेऊन आपणापुढे उभा आहे. परदेशी गेल्यावर घरच्यांशी फोनवरील संबंध कसा राखावा आणि तो आपल्या ऐपतीत कसा बसवावा, हा तो विषय. आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलेमुली आज परदेशी आहेत. आईवडील त्यांच्याकडे महिना-दोन महिने जाऊन राहतात. त्यामुळे हा प्रश्न आता मोजक्या श्रीमंतांचा राहिलेला नाही.

मी अभियंता नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदल्यांच्या ओघात या महानगरात येऊन पोहोचलो. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की त्यात मी दोनदा चुकलो आहे. एकदा पैसे घालवून आणि एकदा पैसे वाचवून. त्यांपैकी दुसरी चूक अधिक महाग पडली. ती सांगण्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले.

प्रारंभी आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिचे स्मरण करू. दूरसंपर्काच्या इतिहासात कोलकात्याचे स्थान पहिले आहे. देशातील पहिली तारायंत्राची वाट कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली आणि 1851 साली ती कंपनी सरकारच्या कामासाठी खुली झाली. आज त्याच डायमंड हार्बरची लोकल आपण सियालदहच्या दक्षिण विभागातून पकडतो. 1882 च्या जानेवारीत येथे दूरध्वनी केंद्र सुरू झाले. आणि 31 जुलै 1995 रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले, तो देशातील पहिला मोबाईल कॉल मानला जातो.

आणि याच सियालदहने संपर्क तुटणे म्हणजे काय हेही पाहिले आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबेच्या कुटुंबे येथील फलाटांवर दिवस काढीत होती. मागे राहिलेल्या आप्तांचे काय झाले हे कळण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. आज खिशात यंत्र घेऊन हिंडणाऱ्या आपण ही गोष्ट विसरू नये.

आपल्या पिढीचा अनुभव इतका दारुण नाही, पण दूर राहण्याचे मोल आपणही जाणतो. मंडळ स्थापन झाले त्या काळात गावी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहायची. दर तीन मिनिटांना आकार पडे, आणि दोन मिनिटे तर “ऐकू येतंय का?” यातच जात. पुढे एस.टी.डी. बूथ आले. रात्री अकरानंतर दर पाव होई, म्हणून त्या वेळी बूथपुढे रांगा लागत. मी स्वतः अशा रांगेत कितीदा उभा राहिलो आहे. सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून देशभर पसरलेल्या आपल्या बांधवांना हा अनुभव नवा नाही. आणि तार! “मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली” हे चार शब्द वाचून किती जणांनी मिळेल त्या गाडीने मुंबई गाठली असेल. ती तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली. पण त्या तारेपाशी एक गुण होता: ती घरी येऊन दार ठोठावीत असे. तुमचे यंत्र चालू आहे की बंद, याची तिला गरज नव्हती.

आता माझ्या चुका. पहिली 2011 सालची. कार्यालयाच्या प्रशिक्षणासाठी मी दहा दिवस सिंगापूरला गेलो होतो. फोन जसा होता तसा चालू ठेवला. घरून येणारे फोन घेतले, कारण येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत अशी माझी बाळबोध समजूत होती. परतल्यावर अकरा हजारांहून अधिक रुपयांचे देयक हाती पडले. तक्रार केली, नियम दाखविण्यात आले. नियम बरोबर होते, अज्ञान माझे होते.

हे असे का होते ते समजून घेतले पाहिजे. आपल्या फोनमधील सिमकार्ड हे आपले ओळखपत्र होय. परदेशात उतरल्यावर फोन तेथील एखाद्या कंपनीच्या जाळ्याला नमस्कार करतो. ती कंपनी आपल्या भारतीय कंपनीला विचारते, “हे गृहस्थ तुमचे काय?” होकार आला की सेवा सुरू होते आणि हिशेब दोन कंपन्यांत होतो. यालाच रोमिंग म्हणतात. आता भारतातून कोणी आपल्या नेहमीच्या क्रमांकावर फोन केला, तर तो प्रथम आपल्या भारतीय कंपनीकडे जातो आणि तेथून परदेशी पाठविला जातो. करणाऱ्याला आपण परदेशी आहोत हे ठाऊकही नसते. तो देशातल्या देशातील दर देतो. समुद्रापलीकडच्या पल्ल्याचा खर्च फोन घेणाऱ्यावर पडतो. देशात 2003 पासून येणारे फोन विनामूल्य झाले, म्हणून परदेशातही तसेच असेल असे मानणे ही माझी चूक.

या देयकाची मला अशी धास्ती बसली, की दुसरी चूक तिच्याच पोटी जन्मली. 2018 च्या मे महिन्यात मी सपत्नीक जर्मनीत श्टुटगार्टला कन्येकडे गेलो. या वेळी एक पैसाही जादा जाऊ द्यायचा नाही असा निश्चय करून मी भारतीय सिमकार्ड काढून बॅगेत ठेवले. कन्येच्या घरी वाय-फाय होते. सकाळ-संध्याकाळ त्यावरून कऱ्हाडला आईशी बोलणे होई. सारे फुकट! माझ्या काटकसरीचे मलाच कौतुक वाटत होते.

एके दिवशी आम्ही हायडेलबर्ग पाहावयास गेलो. सकाळी निघालो ते रात्री नऊला परतलो. घरात शिरताच फोनला वाय-फाय मिळाले आणि एकामागून एक निरोप येऊ लागले. सकाळी आई न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते. धाकट्या भावाने दिवसभर माझा क्रमांक लावून पाहिला, तो बंद. कन्येचा जुना भारतीय क्रमांक लावला. तोही बंद, कारण तिचा नवा जर्मन क्रमांक फक्त माझ्या फोनमध्ये होता. आईचे वय, तिचा मधुमेह, भुलीतील धोका या साऱ्याचा विचार करून त्याने एकट्याने संमतीपत्रावर सही केली. शस्त्रक्रियेला नेईपर्यंत आई विचारीत होती, “थोरल्याला कळवलं का?” मी त्याला फोन केला तेव्हा भारतात मध्यरात्र उलटली होती. तो एवढेच म्हणाला, “दादा, झालं सगळं नीट. तू झोप आता.”

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आई त्यानंतर चार वर्षे आमच्यात होती. मी परतल्यावर तिने तक्रार केली नाही. मुलांना दोष देण्याचा तिचा स्वभावच नव्हता. “फोन लागत नव्हता म्हणे तुझा,” एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी मी वाचविलेली रक्कम किती असेल? चार-दोन हजार रुपये. आजही तो हिशेब मनातून पुसला जात नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की काटकसर करावी, पण ती गप्पांवर, चित्रांवर, चलच्चित्रांवर करावी. अडीअडचणीला येणाऱ्या त्या एका फोनवर करू नये. खर्च कमी करणे आणि वाट बंद करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ध्यानी ठेवला तर पुढील व्यवस्था सोपी आहे.

निघण्यापूर्वी आपल्या कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि ज्या देशांत जायचे त्यांसाठी कोणत्या मुदतीची योजना आहे ते विचारावे. दर वरचेवर बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या गतवर्षीच्या माहितीवर विसंबू नये. आठ-दहा दिवसांचा प्रवास असेल तर अशी योजना पुरते. मुक्काम महिन्या-दोन महिन्यांचा असेल तर तेथील स्थानिक प्रीपेड कार्ड बहुधा स्वस्त पडते. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये दोन कार्डांची सोय असते, किंवा कार्डाशिवाय सांकेतिक चिन्हावरून भरता येणारे ई-सिम चालते. अशा वेळी भारतीय कार्ड जागेवरच ठेवावे, त्याचे डेटा रोमिंग बंद करावे, आणि इंटरनेट स्थानिक कार्डावर चालवावे. भारतीय क्रमांक केवळ हाक ऐकण्यापुरता जागा राहतो. त्याचा आणखी एक लाभ आहे. बँकेचे सांकेतिक क्रमांक त्याच कार्डावर येतात, आणि येणाऱ्या लघुसंदेशाला बहुतेक भारतीय कंपन्या परदेशात आकार लावीत नाहीत. याचीही आधी खात्री करावी. प्रीपेड कार्डाची मुदत परदेशी असताना संपणार असेल, तर रिचार्ज करूनच निघावे.

व्हॉट्सॲपसारख्या साधनांवरील बोलणे इंटरनेटवरून जात असल्यामुळे अंतराचा वेगळा आकार पडत नाही. केवळ आवाजाच्या संभाषणाला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी पुरते. चेहरे पाहत बोलायचे तर त्याच्या कितीतरी पट लागते. तेव्हा नातवंडांचे दर्शन घरच्या वाय-फायवर घ्यावे आणि बाहेर असताना नुसत्या आवाजावर समाधान मानावे. परंतु सर्व देशांत ही सोय सारखी नाही. चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीत त्यावरून निरोप धाडता येतात, पण बोलता येत नाही. दुबईला मुलाकडे जाणाऱ्यांनी तेथे परवानगी असलेले साधन कोणते ते मुलालाच विचारून ठेवावे.

युरोपची सहल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. युरोपीय संघाने 15 जून 2017 पासून आपल्या सदस्य देशांतील रोमिंगचा जादा आकार रद्द केला. त्यामुळे फ्रान्समध्ये घेतलेले कार्ड सामान्यतः इटलीत त्याच दराने चालते. पण स्वित्झर्लंड या संघात नाही, आणि ब्रिटन त्यातून बाहेर पडले आहे. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या आपल्या मंडळींची फसगत होते ती येथे. अमेरिकेत 2022 साली आणि ऑस्ट्रेलियात 2024 साली जुनी 3जी जाळी बंद झाली; तेव्हा तेथे जुना फोन नेत असाल तर तो 4जी जाळ्यावर बोलू शकतो की नाही हे तपासावे. विमानात आणि पर्यटनाच्या जहाजावर फोन ‘विमान अवस्थेत’ ठेवावा, कारण तेथे उपग्रहावरून चालणारे जाळे असू शकते, ते फोन आपोआप पकडतो आणि त्याचे दर फार चढे असतात.

हे आपोआप पकडणे पाहावयाचे तर परदेशी जाण्याचीही गरज नाही. येथून बनगाव लोकलने जाऊन पेट्रापोलच्या सीमेपाशी उभे राहा. फोनवर कधी कधी बांगलादेशी कंपनीचे नाव झळकते आणि घड्याळ अर्धा तास पुढे उडी मारते. सीमेला तारेचे कुंपण आहे, पण रेडिओलहरींना ते दिसत नाही. अशा ठिकाणी जाळे स्वतः निवडावे आणि रोमिंग बंद ठेवावे.

शेवटी यंत्राबाहेरची एक सूचना, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निघण्यापूर्वी एका कागदावर मोठ्या अक्षरांत आपला परदेशातील क्रमांक, मुलाचा किंवा मुलीचा तेथील क्रमांक, आणि तेथील एखाद्या शेजाऱ्याचा क्रमांक, देशाच्या संकेतांकासह लिहून गावी द्यावा. तो देव्हाऱ्याशेजारी किंवा दिनदर्शिकेखाली चिकटवावा. तेथील वेळ आपल्यापेक्षा किती पुढे वा मागे आहे तेही लिहावे, आणि खाली आणखी एक ओळ: “वेळ कोणतीही असो, फोन करावा.” आपली वडीलधारी माणसे संकोची असतात. मुलाची झोप मोडेल, त्याला खर्च पडेल, या विचाराने ती दुखणे अंगावर काढतात. त्यांचा हा संकोच दूर करणे हे कोणत्याही कंपनीच्या योजनेत बसत नाही. ते आपणच करावयाचे आहे.

आमच्या कऱ्हाडच्या घरी तसा कागद आता भिंतीवर आहे. भावाने तो स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे. आई गेली, तरी आम्ही कोणी परदेशी निघालो की तो त्यावरील क्रमांक तपासून घेतो.

आपल्यापैकी ज्यांचे परदेशगमन ठरले असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढा एक कागद लिहावा, अशी माझी नम्र विनंती आहे.